बी विंगच्या थारमालकांस अनावृत पत्र

स. न. वि. वि.

थारला मोठे टायर घालायचं तुमच्या मनात घोळतंय, पण निर्णय होत नाही, असं वॉचमनकडून कळलं. एवढ्या शुभकार्याला उशीर कशाला?

कंपनीने दिलेलं माप २५५/६५ आर १८, तुम्हाला हवंय २८५/६५. म्हणजे टायरचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटरवरून ८२८ वर जाणार आणि त्याच्या निम्म्याने, चक्क २ सेंटिमीटर, गाडी उचलली जाणार! सध्याच्या २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सवर रोज हिंजवडी गाठता, धन्य आहे तुमची. मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा उंच व्हायला मोठ्या टायरशिवाय उपाय नाही, हे अगदी खरं. लिफ्ट किटने वर जाते ती बॉडी. तो गोळा आजवर कुठल्या खडकाला टेकला, असं विचारणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

आणखी एक लाभ आहे. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी आजच्या हिशेबाने ८४ने पळत असेल. १०,००० किलोमीटरच्या रनिंगमागे जवळजवळ ५०० किलोमीटर मीटरला कळणारच नाहीत. विकताना सोन्याहून पिवळं!

बाकी किरकोळ. आपल्या रॅम्पच्या वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की आतून खर्र आवाज येईल. वाकून पाहा, चाकामागच्या काळ्या प्लास्टिकवर घासून चकाकणारी चंद्रकोर उमटलेली असेल. मग लिफ्ट किट, मग अलाइनमेंट, मग रुंद मडगार्ड. लग्नघरासारखंच, एक खरेदी दुसरीला बोलावते. चाकं जड, ब्रेक मात्र तेच. गिअरही तेच, त्यामुळे चढावर ओढ ५ टक्क्यांनी कमी. स्टेपनीही त्याच मापाची घ्या, कारण चार मोठे आणि एक लहान हा संसार फोर बाय फोरला झेपत नाही. तिचं वजन मागच्या दाराची बिजागरी सोसेल, बिचारी बोलत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ मापदंडांशी विसंगत बदल करू नयेत असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली बजावलंय. पण न्यायालयाने तुमचे रील्स कुठे पाहिलेत? अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर टेप घेऊन आला, तर आधी चहा विचारा.

मुळशीकडच्या चिखलात काही अरसिक लोक मूळ मापाचेच ऑल-टेरेन टायर घालून येतात. हवा १८-२० पर्यंत उतरवतात, टायर पसरून जमिनीला लांबट बसतो, पकड वाढते आणि ते निघून जातात. डांबरावर आले की छोट्या पंपाने पुन्हा हवा भरतात. आता यात फोटो कसला काढणार?

कळावे, लोभ असावा.

आपला,
शेजारच्या पार्किंगवाला

ता. क. : जुने टायर ओएलएक्सवर टाकण्याआधी मला सांगा. नाशिकच्या आमच्या मेव्हण्याला त्याच मापाचे हवेत. त्याचे द्राक्षबागेच्या रस्त्यावर झिजलेत. तुमच्या टायरांवरचे रबरी केस अजून तसेच आहेत, हे मी त्याला सांगून ठेवलंय.