कॅपिटल रिपेअर

भिलाईच्या कॅम्प-1 मध्ये गाडी बंद पडावी लागत नाही, नुसतं बॉनेट उघडलं तरी पुरतं. मग ते पाणी बघायला उघडलेलं असो की आत झोपलेलं मांजर हाकलायला. दोन मिनिटांत शेजारी एक गृहस्थ येऊन उभे राहतात. खाली पायजमा, वर प्लांटच्या काळातला खाकी शर्ट, हातात लांब दांड्याचा पेचकस. पेचकसाचं टोक ते इंजिनाच्या एखाद्या भागावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. गाडीचा मालक त्या वेळात मनातल्या मनात बँकेतली शिल्लक मोजून घेतो, कारण डोळे उघडल्यावर काका जे सांगतील ते स्वस्तातलं नसेल.

गल्ली त्यांना फोरमनकाका म्हणते. ते फोरमन म्हणून रिटायर झाले की एक पायरी अलीकडून, यावर दोन मतं आहेत. काकूंचं मत तिसरं आहे, पण त्या ते पाहुण्यांसमोर सांगत नाहीत. अशी माणसं भिलाईत गल्लोगल्ली आहेत. सुपेल्यात आहेत, खुर्सीपारमध्ये आहेत, सेक्टरमधल्या क्वार्टरांत तर एका ब्लॉकला एक या हिशेबाने सापडतील. आमच्या वाट्याला आलेले मराठी आहेत, एवढंच.

यात दोष त्यांचा कमी आणि गावाचा जास्त. 2 फेब्रुवारी 1955 ला इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं, आणि तो कारखाना उभा करायला आलेल्या मजुरांच्या वस्त्या म्हणजे हे कॅम्प. आंध्र, ओडिशा, बिहारकडून माणसं आली, तशी गोंदिया-भंडारा-नागपूरकडूनही आली. परत जाऊ म्हणत म्हणत त्यांची नातवंडं इथेच शाळेत गेली. अशा घरांत जेवताना बापाच्या तोंडी फर्नेसचं नाव आजारी आत्याच्या नावासारखं येतं. भट्टी आतून झिजली की ती बंद करून तिचं अस्तर नव्याने बांधतात; त्या कामाला इथे कॅपिटल रिपेअर म्हणतात. ज्याने उभा जन्म असली कामं पाहिली, त्याला तुमच्या मारुतीच्या बॅटरीचं टर्मिनल ढिलं झालंय यात काय गोडी वाटणार? एकदा नंदिनी रोडवरच्या एका मिस्त्रीच्या पोराने खरोखरच टर्मिनल आवळून गाडी चालू करून दाखवली. काकांचा चेहरा पडला. "टर्मिनलसाठी मी ओट्यावरून उठून आलो का बे?" असं ते त्याला म्हणाले, आणि चूक पोराचीच असल्यासारखं ते पोरगंही खाली बघत राहिलं.

त्यांची एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, वर ‘लॉगबुक’ लिहिलेली. गल्लीतल्या प्रत्येक वाहनाला त्यात पान आहे, मालकांना याची कल्पना असो वा नसो. तारीख, शिफ्ट (रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी दुपारी दोननंतरची नोंद ‘बी शिफ्ट’ अशीच होते), आवाजाचं वर्णन आणि शेवटच्या रकान्यात ‘ॲक्शन टेकन’. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच मजकूर आहे: मालकास कळविले.

दुरुस्ती काका करत नाहीत. ते खातं वेगळं. प्लांटमध्येही बिघाड सांगणारा वेगळा, परमिट काढणारा वेगळा आणि प्रत्यक्ष नट फिरवणारा वेगळा असे. पहिला माणूस सोडून बाकीचे दोघे इथे मालकाने आणायचे.

पूर्वी त्यांचं आवडतं निदान क्रँकशाफ्ट होतं. स्कूटरपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांचा क्रँकशाफ्ट गेलेला असे. मग गल्लीत क्लचचं पेडल नसलेली पहिली गाडी आली आणि काकांच्या आयुष्यात टॉर्क कन्व्हर्टर आला.

इथे एक गोष्ट काकांच्या बाजूने सांगितली पाहिजे. या विषयातलं त्यांचं ज्ञान पोकळ नाही. त्यांची नोकरी गेली ओअर हँडलिंग प्लांटमध्ये, म्हणजे दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज जिथे उतरतं आणि पट्ट्यांवरून पुढे जातं तिथे. खनिजाने लादलेला कन्व्हेयरचा पट्टा एकदम हिसक्याने सुरू केला तर मोटार तरी जळेल नाहीतर पट्टा तरी तुटेल. म्हणून मोटार आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये फ्लुइड कपलिंग असतं: समोरासमोर पात्यांची दोन चाकं, मध्ये तेल, एकमेकांना न शिवणारी. मोटारीकडचं चाक तेल फेकतं, त्या तेलाच्या माऱ्याने पलीकडचं हळूहळू फिरायला लागतं. पट्टा अडकलाच तर तेल तापतं, कपलिंगला बसवलेला एक फ्यूजिबल प्लग वितळतो, तेल सगळीकडे उडतं आणि मोटार वाचते. त्या तेलाने काकांचे किती शर्ट गेले याचा हिशेब काकूंकडे आहे.

गाडीतला टॉर्क कन्व्हर्टर हा याच घराण्यातला. इंजिनाला जोडलेलं चाक इम्पेलर, गिअरबॉक्सला जोडलेलं टर्बाइन. शिवाय त्यांच्यामध्ये तिसरं एक छोटं चाक, स्टेटर. परत येणारं तेल ते योग्य दिशेला वळवतं, त्यामुळे गाडी जागेवरून उठताना इंजिनाचा जोर दोन-अडीच पटीपर्यंत वाढून मिळतो. काका हे सगळं समजावताना घरातला टेबलफॅन बाहेर आणतात, शेजाऱ्यांचाही मागून घेतात, दोन्ही तोंडाला तोंड लावून ठेवतात आणि एकच चालू करतात. दुसराही मुकाट्याने फिरायला लागतो. भर मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना, दोन पंखे एकमेकांना वारा घालताहेत आणि आठ माणसं घामाने निथळत बघताहेत, हे दृश्य आमच्या गल्लीतच दिसतं.

"हे रशियनांनी काढलं," असं ते अभिमानाने सांगत. इंजिनिअरिंगला असलेल्या नातवाने एकदा सांगितलं की नाही आजोबा, जर्मन होता, हेर्मान फ्योटिंगर, 1905 चं पेटंट. आणि ते मोटारींसाठी नव्हतंच, जहाजांसाठी होतं. वाफेची टर्बाइन भरधाव फिरते, पंखा सावकाश फिरायला हवा, त्यांची सांगड घालायला. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिथून रशियनांकडे गेलं असंन न मग."

घोटाळा एवढाच होता की गल्लीत आलेल्या त्या पहिल्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नव्हताच. ती एका शिक्षिकाबाईंची छोटी एएमटी होती. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर ही पद्धत आपल्याकडे आली आणि स्वस्त म्हणून झपाट्याने पसरली. आत गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचही नेहमीचाच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ड्रायव्हरऐवजी एक यंत्रणा करते. ती गिअर बदलते तेव्हा आतल्या माणसांच्या माना एकदम हो म्हणतात. काकांनी मान डोलताना पाहिली आणि निकाल दिला, "कन्व्हर्टर स्लिप होऊन राहिला, बाई. कॅपिटल रिपेअर मांगते गाडी." बाई दोन रात्री झोपल्या नाहीत. शोरूमच्या माणसाने या गाडीत तो भागच नसतो असं सांगितलं, तेव्हा त्यांनी ते काकांना कळवलं. काका गंभीर झाले. "कंपनीनं टाकलाच नाही? पैसे तर पूर्ण घेतले न?"

त्यानंतर एका डीसीटीवाल्याला, म्हणजे दोन क्लचांच्या ऑटोमॅटिकवाल्याला, हेच निदान मिळालं, आणि एका ऑटोरिक्षालाही.

म्हणून वकीलसाहेबांची गाडी खरोखर बिघडली तेव्हा कोणीही काकांचं ऐकलं नाही. साहेब दुर्गच्या कोर्टात जातात. त्यांनी रायपूरहून एक जुनी, मोठी, डिझेल ऑटोमॅटिक घेतली होती, खरा टॉर्क कन्व्हर्टर असलेली. गल्लीत ती उभी राहिली की दोन्ही बाजूंच्या लोकांना घरात शिरायला अंग चोरावं लागे. ती गाडी कुम्हारीच्या बाजूला, जीई रोडवर, साठ-सत्तरच्या वेगात सरळ जात असताना थरथरायला लागली. रस्ता गुळगुळीत, आणि आत वाटावं की खाली कुणी बारीक रंबलर टाकून ठेवलेत. वेग थोडा वाढवला, कमी केला की थांबे. पुन्हा स्थिर झाला की पुन्हा सुरू.

साहेबांनी चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. मग अलाइनमेंट. मग इंजिनाचे माउंटिंग बदलले. मग एका ठिकाणी इंजेक्टर साफ करून दिले आणि थरथर होती तिथेच राहिली. प्रत्येक वेळी काका ओट्यावरून म्हणत, "कन्व्हर्टर आहे जी," आणि प्रत्येक वेळी साहेब नमस्कार करून पुढे जात. काकांनी गल्लीतच एक स्टॉल टेस्टही करवून घेतली: ब्रेक दाबून धरायचा, गिअर ‘डी’ला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण. तपासणी खरी आहे, पण ती जाणत्याने, मोकळ्या जागेत आणि पाचेक सेकंदांच्या आत आटपायची असते, नाहीतर आतलं तेलच उकळतं. नाकासमोर पाण्याची टाकी आणि टाकीपलीकडे पापड वाळत घातलेले, अशा ठिकाणी ती कोणी करू नये. त्या दिवशी गाडी जागची हलली नाही, पण पापड घातलेल्या मावशी अजून काकांशी बोलत नाहीत.

शेवटी एका रविवारी काका गाडीत जाऊन बसले आणि उतरायलाच तयार होईनात. साहेब पॉवर हाऊसच्या पुलावरून निघाले ते थेट कुम्हारीच्या दिशेने. थरथर सुरू झाली तसे काका म्हणाले, "ॲक्सिलरेटर सोडू नका. डाव्या पायानं ब्रेकला नुसतं शिवा. दाबू नका, शिवा." साहेबांनी पाय टेकवला. थरथर बंद. पाय काढला, दोन क्षणांनी पुन्हा सुरू. पुन्हा पाय टेकवला, बंद.

काकांनी यावेळी पेचकस बाहेर काढला नाही. एखाद्या वेगात गाडी स्थिर झाली की कन्व्हर्टरमधलं लॉक-अप क्लच दोन्ही चाकांना घट्ट जोडून टाकतो, म्हणजे तेलातून निसटण्यात डिझेल वाया जात नाही. त्याचं अस्तर झिजलं किंवा तेल खराब झालं की तो धड पकडत नाही, धड सोडत नाही. पकड-सोड, पकड-सोड, तीच ती थरथर. ब्रेकच्या दिव्याचा स्विच नुसता लागला तरी संगणक लॉक-अप सोडून देतो. चाकांचं बॅलन्सिंग बिघडलं असतं तर ब्रेकला शिवून काही फरक पडला नसता. ही युक्ती काकांना कोणी सांगितली ते कळलं नाही. मला नातवाचा संशय आहे, पण गाडीतून उतरताना श्रेय वाटून घ्यायच्या मनःस्थितीत ते नव्हते.

गिअरबॉक्स उतरवला गेला. नवं असताना लालभडक असणारं तेल काळपट तपकिरी निघालं, आणि त्याला असा करपट वास होता की मिस्त्रीनेही नाक मुरडलं. कन्व्हर्टर बदलला, तेल बदललं, कूलरची नळी धुतली. बिलाचा आकडा साहेबांनी गल्लीत कोणाला सांगितला नाही. त्या महिन्यात त्यांनी अशिलांशी फार प्रेमाने बोलायला सुरुवात केली एवढंच दिसलं.

मला वाटलं होतं, आता काका मिरवतील. ते मिरवले नाहीत, उलट बेचैन झाले. जुना कन्व्हर्टर वेल्डिंगने बंद केलेला असतो, त्यामुळे आतलं काही दिसत नाही. आयुष्यात एकदा निदान बरोबर निघालं आणि पुरावा डब्यात बंद! त्यांनी तो साहेबांकडून मागून घेतला, सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि इंडस्ट्रियल एरियात ओळखीच्या लेथवर नेऊन त्याचे दोन उभे भाग करून आणले. आता तो बैठकीत टीव्हीच्या शेजारी असतो. पाहुण्यांना पाणी मिळण्याआधी टर्बाइनची पाती दाखवली जातात. काकूंनी एकदा अर्ध्या भागात लसूण वाळत ठेवला होता. त्याची लॉगबुकात नोंद आहे.

बातमी पलीकडच्या गल्लीत गेली. तिथले तेलुगू फोरमन, ज्यांना सगळे गारू म्हणतात, ब्लूमिंग मिलमधून रिटायर झालेले. या दोघांचं निदान कधीच जुळलेलं नाही; एकाने पिस्टन म्हटला की दुसऱ्याने डिफरेन्शिअल म्हणायचं, असा अलिखित करार आहे. गारू आले, चष्मा बदलला, जळक्या अस्तरावर नख फिरवलं आणि म्हणाले, "लाइनिंग तो बाद में जला. पहले ऑइल मरा."

"ऑइल काहून मरंल? लाइनिंग जली तभी न मरा!"

"ऑइल टाइम पे बदला होता तो लाइनिंग जलताच नहीं."

खरं सांगायचं तर यात गारूंचं म्हणणं मला जास्त पटतं, पण मी काकांच्या घरी चहा पीत होतो. वाद तासभर चालला. शेवटी दोघांनी वकीलसाहेबांना बोलावून घेतलं, न्याय करायला. साहेब कोर्टातून नुकतेच आले होते, कोटही काढला नव्हता. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, कापलेल्या कन्व्हर्टरकडे पाहिलं आणि हात जोडले.

"मला फक्त एवढं सांगा, ही गाडी ठेवू की विकून टाकू?"

काका आणि गारू यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ठेवा!" दोघे एकदमच म्हणाले. "अभी गिअरबॉक्स बाकी है न."