शिवी देण्यापूर्वी वाचा

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्याला पाहुणे म्हणून निघाला असाल, तर पिशवीत टॉवेल-टोपी घ्या आणि खिशात पाचशेची एक जादा नोट ठेवा. टॉवेल-टोपी सोयऱ्यासाठी, नोट स्वतःच्या जिभेसाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याला अहिल्याबाईंचं नाव लागलं आणि पुढच्याच महिन्यात, २८ नोव्हेंबरला, सौंदाळ्याच्या ग्रामसभेनं ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी हासडली की ५०० रुपये दंड. तेव्हाचे सरपंच शरद आरगडे. २०११ च्या जनगणनेत जेमतेम अठराशे माणसांचं हे गाव २००७ सालीच तंटामुक्तीचं बक्षीस घेऊन बसलेलं. विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हेही तिथं ठरावानं बंद केलेलं. संध्याकाळी सात ते नऊ पोरांना मोबाइल बंद. पोरांनी मोबाइल सोडायचा, बापानं शिवी. जास्त जड कोणाला गेलं असेल ते आपण ओळखा.

दर जास्त वाटत असेल तर सरकारी भाव बघून घ्या. सार्वजनिक ठिकाणी अश्लील बोलून इतरांना त्रास दिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, प्रसंगी दोन्ही. त्यापेक्षा ग्रामसभेनं निम्म्यात मिटवलंय. वकील नाही, तारखा नाहीत.

आता प्रत्यक्ष मार्गदर्शन. पहिलं काम म्हणजे समोर कोण बसलंय ते बघणं. माळकरी असेल तर ‘रामकृष्ण हरी’ म्हणून जीभ दाबून धरावी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे ‘च्यायला’ निसटतंय असं वाटलं, की पहिल्या अक्षरावरच ब्रेक मारावा आणि सरळ म्हणावं, “च्या... च्या टाक गं घोटभर!” मी या युक्तीवर वीस वर्षं काढली. दिवसाला सात-आठ कप होतात, पित्त वाढतं, पण इज्जत राहते.

सासुरवाडीत पहिली पाच वर्षं ‘आयला’सुद्धा महागात पडतं. ‘तुझ्या नानाची टांग’ तेवढी निरुपद्रवी. मात्र वापरण्याआधी सासऱ्यांना घरात नाना म्हणत नाहीत ना, याची बायकोकडे चौकशी करावी. मी केली नव्हती.

शेतात बैल होता तेव्हा चैन असायची. बैल तासातून बाहेर पडला की गडी त्याच्या धन्याचा उद्धार करायचा. आणि बैल घरचा असला तर धनी म्हणजे तो स्वतःच! सबंध मराठीत देणाऱ्याच्याच घरी परत येणारी एवढी प्रामाणिक शिवी दुसरी नाही. ट्रॅक्टर आला आणि ती गेली. रात्रीची लाईट आणि जळालेली डीपी यांच्यासाठी शिव्या भरपूर, पण ऐकायला वायरमन जागेवर नसतो. त्या अंधारातच जिरतात.

“शिव्या आपली परंपरा आहे” असं म्हणणारा एक तरी जण पारावर भेटेलच. त्याचं खरं आहे, हे कबूल करून टाकावं. शिलाहारांच्या काळातले गधेगाळ बघा. दिलेलं दान जो मोडेल त्याच्यासाठी दगडावर शापवाणी कोरलेली, आणि खाली चित्र: गाढव आणि बाई. बाई कोण? तर दान मोडणाऱ्याची आई. जमीन लाटणार हा, आणि दगडावर उभं राहायचं तिनं. गधेगाळातला गाळ म्हणजे शिवीच, शिवीगाळमधला तोच.

घसा मोकळा करायचीच हौस असेल तर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात जावं. सुखेड आणि बोरी या गावांच्या मधल्या ओढ्यावर दोन्हीकडच्या बायका जमतात आणि एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. पुरुषांनी लांब उभं राहून ऐकावं. आपली भांडारं किती तोकडी आहेत ते कळतं.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे बांध. तिथं वरची एकही युक्ती चालत नाही. आमचा आणि चुलतभावाचा सरबांध आहे. दर नांगरटीला तो बांध थोडा थोडा माझ्याकडे सरकतो. भावाचं म्हणणं, तो त्याच्याकडे सरकतो. म्हणजे हा बांध दोन्ही बाजूंना चालतो, असा जिल्ह्यातला एकमेव असावा. गेल्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरवाल्यानं फाळ जरा आत घातला आणि मी ओरडलो, “तुझ्या आयला...” पुढचं सगळं रांगेत तयार होतं. तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला, “काय रे, मला हाक मारली का?”

चुलती होती. डोक्यावर भाकरीचं पेंडकं, हातात पाण्याची कळशी. माझी आई बाळंतपणात आजारी पडली तेव्हा हिनंच मला पाजलंय, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. भावानं माझ्याकडे बघितलं. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर बंद केला.

“नाही काकू,” मी म्हणालो, “च्या आणलाय का, विचारत होतो.”

“च्या नाही, पिठलं आणलंय. दोघं बसा.”

पिठल्यात मिरची जास्त होती, त्यामुळं डोळ्यांत पाणी का आलं हे कोणी विचारलं नाही. बांधाची मोजणी अजून झालेली नाही. आमच्या गावात तसला ठरावही अजून नाही, म्हणून पाचशे रुपये वाचले. सौंदाळ्यात असतो तर अर्धवट शिवीला दंड अर्धा की पूर्ण, हे जाणकारांनी कळवावं.