परभणीचं दुसरं कृषी विद्यापीठ

परभणीत कृषी विद्यापीठ एकच आहे, असं बाहेरगावच्यांना वाटतं. 1972 साली स्थापन झालेलं, आता वसंतराव नाईकांचं नाव असलेलं, ते पहिलं. दुसरं मानवत, सेलू, जिंतूर, जाल तिथं भरतं. त्याला कुलगुरू नाहीत, काउंटर आहे, प्रवेश उधारीवर.

पहिल्याचं सांगणं मोठं कटकटीचं. म्हणे कपाशीचं पान उलटून बघा, पानाला सरासरी 10 मावा भरले तरच औषधाचा विचार करा. पाच टक्के निंबोळी अर्क मारा. ढालकिडे मावा खातात, त्यांना जगू द्या. आता शेतात वाकून मोजत बसायला शेतकरी काय जनगणनेवर नेमलेला गुरुजी आहे?

दुसऱ्यात मोजणी नाही.

"शेठ, मावा हटंना बघा."

"मग हे न्या, नवीन आलंय. पंपाला दीड झाकण टाका."

सल्ला फुकट, बिल कापूस विकल्यावर.

या विद्यापीठाचा खरा विद्यार्थी मावा. त्याची बालवाडी बियाण्यापासूनच सुरू होते. बीटी वाण बोंडअळीसाठी, त्याचं माव्याशी देणंघेणं नाही, म्हणून सरकीला इमिडाक्लोप्रिड चोळलेलं असतं. मग पहिल्या फवारणीला अ‍ॅसिटामिप्रिड, दुसरीला थायमेथोक्झाम. डबे वेगळे, रंग वेगळे, घराणं मात्र एकच, निओनिकोटिनॉइड. तिघंही किडीच्या मज्जासंस्थेत एकाच जागी घाव घालतात. शेतकरी तीनदा पैसे मोजतो आणि मावा एकच पेपर तीनदा सोडवतो. नापास झालेले मरतात, उरतात ते मेरिटवाले. त्यांच्या माद्यांना नराची गरज नाही. थेट जिवंत पिल्लं देतात, आणि ती आठवडाभरात आईची सगळी हुशारी घेऊन स्वतः आया होतात. लातूरच्या क्लासवाल्यांनीही हेवा करावा असा निकाल! चीन आणि अमेरिकेतल्या कपाशीवर या घराण्याला न जुमानणाऱ्या माव्याची रीतसर नोंद झाली आहे.

ढालकिडे बिचारे पहिल्याच फवारणीत बाद. त्यांना एटीकेटी नाही.

फ्लोनिकामिडसारखं वेगळ्या तऱ्हेनं मारणारं औषध आलटूनपालटून वापरावं, असंही शास्त्रज्ञ सांगतात. काउंटरनं त्यातलं फ्लोनिकामिड तेवढं ऐकलं. लागू पडलं की सलग चार वेळा तेच.

यंदा काउंटरवर आणखी एक नवा डबा आलाय. मागच्या बारीक अक्षरांत इमिडाक्लोप्रिडच लिहिलंय, पण झाकण सोनेरी आहे.