उपनगरी गाडीतील श्रवणविधी

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी सांगाव्यात असा आपल्याकडे जुना दंडक असून या चौकडीला अनुबंधचतुष्टय म्हणतात. प्रस्तुत शास्त्राचा अभ्यास बहुधा उभ्याने, एका हाताने वरची कडी धरून आणि दुसऱ्याने पोटाशी बॅग आवळून होत असला, तरी तेवढ्यावरून त्याला या दंडकातून सूट मिळू नये. विषय असा की, मुंबईच्या लोकलने रोज कामावर जाणाऱ्या माणसाने स्मार्टफोन किंवा खिशात मावणारे दुसरे एखादे गाण्याचे यंत्र वापरून स्वतःची करमणूक कशी करावी. अधिकारी म्हणजे हे शास्त्र शिकण्यास पात्र असलेली व्यक्ती. तिच्यापाशी एक फोन, दोन कान आणि मुदत न संपलेला पास असावा, व सर्दीने एक कान बंद झाला असल्यास तिने निम्म्या फलावर समाधान मानावे. संबंध म्हणजे कान आणि यंत्र यांना जोडणारा दुवा, आणि तो तारेचा तरी असतो किंवा ब्लूटूथचा तरी. दहाव्या शतकातील ज्या डॅनिश राजाच्या नावावरून या बिनतारी तंत्राचे नाव पडले, त्या हॅराल्डची ख्याती फुटलेल्यांना जोडणारा अशी असल्याने, फोनने भर गर्दीत घरी राहिलेल्या स्पीकरचा शोध घेत बसणे हे त्या नावाला शोभत नाही, पण घडते. प्रयोजन, म्हणजे हे सगळे कशासाठी, ते साधकाची तयारी पुरी झाल्यावर यथास्थळी येईल.

या शास्त्राचा उगम जपानात झाला. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने ३३,००० येन किमतीचा वॉकमन विक्रीस आणला, तेव्हा कॅसेट हे साधन सोळा वर्षांचे होते आणि हेडफोन तर त्याहून कितीतरी जुना होता. नवे होते ते एवढेच की, रस्त्याने चालणाऱ्या माणसाने आपले गाणे आपल्यापुरते ऐकावे. ही कल्पना खुद्द कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनाच थोडी असभ्य वाटली. घरात एकट्याने कान झाकून बसल्यावर पत्नी नाराज झाल्याचे त्यांनी पाहिले होते, म्हणून पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावण्याची सोय ठेवण्यात आली आणि शिवाय एक नारिंगी बटण बसवण्यात आले, जे दाबले की गाण्याचा आवाज खाली जाई व अंगच्या मायक्रोफोनमधून सोबत्याचे बोलणे कानी पडे. लोकांनी वॉकमन घेतला, सोबती मात्र घेतला नाही. ज्याला त्याला स्वतःचा वेगळा वॉकमन हवा होता, आणि यथावकाश ते बटण गायब झाले. साधकाने हे नारिंगी बटण ध्यानात ठेवावे, कारण प्रयोजनाच्या विवेचनात त्याचा पुन्हा संबंध येणार आहे.

पहिला विधी ग्रंथिमोचनाचा, म्हणजे गाठ सोडवण्याचा. ब्लूटूथवाल्यांनी हा भाग वगळला तरी चालेल, परंतु त्यांचे एक बोंडूक दादरला उतरताना फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीत पडले म्हणजे तेही उरलेल्या महिन्यापुरते तारेकडे परततात, तेव्हा वाचून ठेवलेले बरे. घरून नीट गुंडाळून खिशात घातलेली तार स्टेशनपर्यंत पोचेतो गुंतते, आणि त्याला साधकाचा गबाळेपणा कारण नसून पदार्थविज्ञान कारण आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील रेमर आणि स्मिथ या दोघांनी दोरीचा तुकडा पेटीत टाकून पेटी फिरवण्याचा प्रयोग ३,४१५ वेळा केला, आणि २००७ मध्ये असे दाखवून दिले की, दोरी पुरेशी लांब असेल तर काही सेकंदांतच गाठी पडतात, मात्र सुमारे ४६ सेंटिमीटरहून आखूड दोरीत जवळजवळ पडत नाहीत. इयरफोनची तार साधारण सव्वा मीटर असते आणि पुलाचे जिने उतरणाऱ्या माणसाचा खिसा हा फिरत्या पेटीचाच एक प्रकार आहे. त्यामुळे तार ४६ सेंटिमीटरवर कापून घेण्याचा शास्त्रशुद्ध उपाय उपलब्ध आहे, फक्त मग फोन गळ्याशी धरून उभे राहावे लागते. गाठ सोडवताना तार कधीही ओढू नये. बोंडे तोंडात धरावीत, पिन करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये ठेवावी, मधला गुंता अंगठ्याने सैल करत जावा, आणि गाडीने धक्का दिलाच तर समोरच्याच्या शर्टाच्या गुंडीत अडकलेला भाग त्याच्या अनुमतीनेच सोडवावा. हे करताना तीन स्टेशने सहज जातात. अनुभवी साधक हा वेळ करमणुकीतच धरतात, आणि प्रस्तुत लेखनाचे मतही त्याहून वेगळे नाही.

दुसरा विधी गाणी भरण्याचा. आज तो लोपत चालला असला तरी त्याची नोंद हवी, कारण एके काळी प्रत्येक स्टेशनाबाहेर मोबाइलच्या दुकानात संगणकासमोर बसलेला एक मुलगा हाच या शास्त्राचा आचार्य होता. गिऱ्हाइकाने मेमरी कार्ड काढून द्यायचे, जुनी की नवी एवढेच सांगायचे, आणि चहा पिऊन यायचे. परत आल्यावर कार्डात जुनी, नवी, कोळीगीते, डीजेवर वाजणारी आणि कोणा अनोळखी इसमाच्या साखरपुड्याची ध्वनिफीत, असे सगळे सापडे. एवढे सगळे एवढ्याशा कार्डात मावत असे ते एमपी३ या पद्धतीमुळे. आपला कान मोठ्या आवाजाशेजारचा लहान आवाज टिपत नाही, या दोषाला प्रच्छादन म्हणता येईल, आणि जर्मनीतील कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोषाचाच फायदा घेऊन, जे ऐकूच येणार नाही ते साठवायचे कशाला, या न्यायाने ध्वनीची काटछाट केली, तेव्हा चार मिनिटांचे गाणे साधारण चार मेगाबाइटांत बसू लागले. अॅपलच्या २००१ सालच्या पहिल्या आयपॉडमध्ये पाच गिगाबाइटांत हजार गाणी मावत ती याच हिशेबाने. लोकलच्या साधकाने मात्र हे जाणून असावे की, त्याच्या बाबतीत प्रच्छादन दोनदा होते: एकदा कारागिराने ऐकू न येणारे काढून टाकलेले असते, आणि मग गाडीचा खडखडाट, पंख्याची घरघर, पुढील स्टेशनाची तीन भाषांतली घोषणा व दारातल्यांचे भांडण हे मिळून उरलेल्यातलेही बरेचसे काढून टाकतात. तानपुरा वसईच्या खाडीच्या पुलावरच वाहून जातो आणि बोरिवलीपर्यंत फक्त तबला पोचतो.

यावर साधक आवाज वाढवतो, आणि येथे थोडे गणित करणे प्राप्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाच्या कानासाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास एवढी शिधापत्रिका ठरवून दिली आहे. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप असून ते तीनाने वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून मुभा निम्मी होते. विरारहून चर्चगेटला रोज जाऊन-येऊन तीन तास आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर अठरा तास होतात, म्हणजे ८३ डेसिबलला मिळणारे २० तास जेमतेम पुरतात, ८६ ला मिळणारे दहा तास गुरुवारी सकाळीच संपतात आणि ८९ चे पाच तर मंगळवारी घरी पोचण्यापूर्वी. डेसिबल मोजण्याचे यंत्र जवळ नसल्यास शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून अदमास घ्यावा. तो आपल्या गाण्याच्या ठेक्यावर पाय हलवू लागला की मुभा संपत आली असे समजावे.

तिसरा विधी निवडीचा, आणि जाणकारांची खरी दमछाक येथेच होते. कॅसेटच्या काळी निवड दुकानात होत असे आणि पैसे दिल्यावर संपत असे; एका बाजूची पाच गाणी आवडो न आवडो ऐकावी लागत, कारण पुढे ढकलण्यात सेल संपत, म्हणून ती आवडूही लागत. आता कोट्यवधी गाणी अंगठ्याखाली आल्यापासून साधक नालासोपाऱ्याला शोधायला लागतो, भाईंदरला एक गाणे लावतो, पहिल्या अंतऱ्याआधीच त्याहून चांगले काही असेल या शंकेने ते काढतो, आणि अंधेरीला थकून तेच लावतो जे काल लावले होते. यावर एक उपाय शफलचा, म्हणजे यंत्राने चिठ्ठ्या टाकून गाणी लावण्याचा, सांगितला जातो. पण यंत्राने प्रामाणिकपणे चिठ्ठ्या टाकल्या तर लोकांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. समजा ३६५ गाणी आहेत आणि प्रत्येक वेळी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा मडक्यात टाकून एक काढली, तर तेविसाव्या गाण्यापर्यंत एखादे गाणे दोनदा लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. आणि तेवीस गाणी म्हणजे विरार-चर्चगेटचा एक फेरा. प्रवाशाला वाटते की यंत्र बिघडले. म्हणूनच अॅपलने २००५ मध्ये शफलमधला यदृच्छेचा अंश कमी करण्याची सोय दिली, जेणेकरून ते अधिक यादृच्छिक भासावे. याउलट सारेगामाने २०१७ मध्ये कारवां हा जुन्या रेडिओच्या घाटाचा पेटारा आणला, त्यात ५,००० गाणी आधीच भरलेली होती आणि हवे ते नेमके गाणे शोधून लावण्याची सोय नव्हती. घरोघरच्या आजी-आजोबांनी तो उचलून धरला. ज्येष्ठांना तंत्रज्ञान कळत नाही, असे त्यावर म्हटले गेले. त्यांना निवडीचा विधी टाळता येतो हे कळले होते, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

येथे एका पाखंडाची दखल घेणे भाग आहे. संबंध या अनुबंधालाच न मानणारा, म्हणजे कान आणि यंत्र यांच्यामध्ये काहीही नको असे म्हणणारा, स्पीकरपंथ नावाचा एक पंथ आहे, आणि त्याचे अनुयायी बसल्या जागेवरून साऱ्या डब्याला श्रवणाचा लाभ देतात. मुंबईच्या बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइल मोठ्याने वाजवण्यास मनाई केली, तरी पंथाचा प्रसार थांबल्याचे दिसत नाही. पंथीयांशी वाद घालू पाहणाऱ्याने त्यांचा पूर्वपक्ष समजून घ्यावा, आणि तो दुबळा नाही: सामूहिक श्रवण हीच इथली जुनी परंपरा आहे, पानाच्या गादीवरचा रेडिओ गल्लीचा असे, क्रिकेटच्या धावत्या समालोचनाचा ट्रान्झिस्टर ज्याच्या कानाशी असे त्याने धावसंख्या सांगणे हे त्याचे कर्तव्य असे, आणि लोकलच्याच डब्यात टाळ घेऊन भजने म्हणणारी मंडळे कोणाची परवानगी घेत नाहीत. उत्तरपक्ष एवढाच की, भजनाला सम असते. रिळांना ती नसते. पंधरा सेकंद ढोल, पंधरा सेकंद कुणाचे तरी हसणे, पंधरा सेकंद गुडघेदुखीवरचे तेल, आणि पुन्हा तोच ढोल, अशा क्रमात ऐकणाऱ्याने मान कुठे डोलवावी हे ठरत नाही. 'अहो, तुमच्याकडे हेडफोन नाहीत का?' असे आदराने विचारून पाहावे. 'आहेत ना, बॅगेत आहेत,' असे तितक्याच आदराने उत्तर येते आणि चर्चा तेथे संपते.

अर्धकर्ण-विधी, ज्यात दोघे जण इयरफोनचे एकेक बोंड वाटून घेतात, तो बहुतेक करून नव्या जोडप्यांचा असल्याने त्याचे विवेचन थोडक्यात करावे हे उचित. दोन कानांना वेगवेगळा आवाज देण्याच्या पद्धतीस स्टीरिओ म्हणतात, आणि काही जुन्या ध्वनिमुद्रणांत गाणारा एका अंगाला व वाद्ये दुसऱ्या अंगाला असतात. तेव्हा एकाला शब्द आणि दुसऱ्याला नुसती व्हायोलिने मिळतात, पण तक्रार केल्याचे कोणी ऐकलेले नाही.

आता प्रयोजन. वरील सर्व विधी वर्षानुवर्षे केलेल्या साधकाचे निरीक्षण केल्यास असे आढळते की, तो गाडीत शिरताच बोंडे कानात घालतो, तार शर्टाच्या आत नीट सोडतो, पिन खिशातल्या फोनला लावतो किंवा लावायची विसरतो, आणि काहीही सुरू करत नाही. वॉकमनच्या नारिंगी बटणाने गाणे खाली करून सोबत्याचे बोलणे ऐकू येई. या अवस्थेत गाणे मुळातच नसते आणि सोबत्यांना ते ठाऊक नसते. डोळे अर्धवट मिटून बसलेल्या त्या साधकाला समोरच्या बाकावरच्या गृहस्थांच्या मुलीचे ठरता ठरता फिसकटलेले लग्न, शेजाऱ्यांच्या सोसायटीतला पाण्याच्या टाकीचा वाद, कुणाच्या साहेबाची बदली आणि दारातल्या गटाने पत्त्यांत कोणाला बनवले, हे सगळे भाष्यासह स्वच्छ ऐकू येते. फक्त चौथ्या सीटसाठी उभा असलेला माणूस वाकून 'जरा सरकून घ्या' म्हणाला, तर तेवढे मात्र त्याला ऐकू येत नाही.