रेघोट्यांचा संसार

हॅच भरायला सांगावं आणि ऑटोकॅडनं ध्यानाला बसावं, की निदान ठरलेलं: ‘साहेब, रॅम वाढवा.’ साहेब वाढवतात. ध्यान चालूच. मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये एएनएसआय-३१ हा हॅचचा नमुना स्केल १ वर ठेवला, तर दर ३.१७५ मिलिमीटरला एक तिरकी रेघ. १०० मीटर चौरस प्लॉटला सुमारे ४४,५०० रेघा! छापून पाहा, डांबरी रस्ता मिळेल. त्यात वर प्लॉटच्या आत टिचकी मारली, की ते बिचारं पडद्यावरची खुर्ची, झाड, कमोड सगळं चाचपत हद्द शोधतं (सरकारी मोजणीवालाही एवढा कष्टाळू नसतो). बंद पॉलीलाइन निवडा, स्केल वाढवा, तोवर फिलमोड ० करून (म्हणजे हॅच लपवून) रीजेन द्या. पण हे फुकटात होतं. रॅमची कोटेशनं मात्र तीन ठिकाणांहून आलेली असतात.