हस्तांतरणाचे मोल

अमेरिकेत १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यामुळे परराज्यातून मागवलेली बंदूक थेट ग्राहकाच्या घरी पोहोचत नाही. ती गावातल्या परवानाधारक दुकानदाराकडे उतरते, तेथे ग्राहक ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरतो, त्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते आणि मगच ती त्याच्या हाती पडते. या सोपस्काराला ‘हस्तांतरण’ म्हणतात. एफबीआय तपासणीचे पैसे घेत नाही, दुकानदार मात्र हस्तांतरणाचे घेतो, आणि १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा, पाईक येथेच खवळतो. हजार डॉलरच्या बंदुकीसाठी निमूटपणे खिसा सैल करणारा हा स्वातंत्र्यप्रेमी २५-३० डॉलरच्या शुल्कापाशी घासाघीस करतो (बंदूक त्याच दुकानाला डावलून इंटरनेटवर स्वस्तात घेतली, हे तो सोयीने विसरतो). दुकानदारही काही संत नव्हे. गिऱ्हाईक निसटल्याचा सल तो शुल्कात भरून काढतो. तरीही अर्जातील चुकांची जबाबदारी आणि दुकान चालू असेपर्यंत तो कागद जपण्याची सक्ती त्याच्याच माथी असताना ही हमाली त्याने फुकट का करावी? मुक्त बाजारपेठेच्या या भक्तांना शुल्कावर सरकारी लगाम हवाच असेल, तर त्यांनी कॅलिफोर्निया गाठावे: कडक शस्त्रनिर्बंधांमुळे त्यांच्या शिव्या खाणाऱ्या त्या राज्यात खासगी व्यक्तींमधील हस्तांतरणासाठी दुकानदाराला स्वतःचे शुल्क म्हणून बंदुकीमागे १० डॉलरहून अधिक घेता येत नाहीत.