अव्वल कारकुनाचे भूगर्भज्ञान

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज नामक दोन वर्षांच्या महाविद्यालयांत भूगर्भशास्त्राच्या प्राथमिक वर्गास गर्दी लोटते ती पृथ्वीवरील प्रेमापोटी नव्हे. पुढे विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्याने, मग तो वाणिज्याचा असो वा नाट्यशास्त्राचा, एखादे तरी विज्ञान प्रयोगशाळेसह पदरात पाडून घ्यावे असा सर्वसाधारण दंडक असल्यामुळे, आणि रसायनशास्त्रात समीकरणे व पदार्थविज्ञानात गणित दबा धरून बसलेले असल्यामुळे, भयभीत जीव अखेर दगडांच्या आश्रयास येतात. त्यांत मल्लविद्येचे व चेंडूचे उपासक इतके की या विषयास 'रॉक्स फॉर जॉक्स' असे उपनामच पडले आहे.

कॅलिफोर्नियात मुलाकडे मुक्काम असता, महसूल खात्यात अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेल्या मजसारख्याने याच वर्गात नाव घातले, कारण जमिनीशी माझा ऋणानुबंध जुना. मात्र तो सात-बाराच्या उताऱ्यापुरता, म्हणजे निव्वळ वरवरचा. प्रयोगशाळेत माझा जोडीदार दाराच्या चौकटीत तिरका होऊन शिरणारा एक फुटबॉलपटू होता. त्याने एक काळसर, चंदेरी झाक असलेला जड ठोकळा चिनीमातीच्या खरबरीत फरशीवर अत्यंत हळुवारपणे ओढला आणि त्या काळ्या दगडाने चक्क तांबडी रेघ उमटविली. 'हेमॅटाइट!' तो गरजला. मी म्हणालो, 'गेरू.' आमचे तुळशीवृंदावन ज्याने दरसाल रंगते तो हाच, हे ऐकून त्याने तो शब्द वहीत टिपून घेतला.

पुढे मात्र माझ्या खात्याच्या शिस्तीस हादरे बसू लागले. ग्रँड कॅन्यनमध्ये काही ठिकाणी प्राचीन रूपांतरित खडकावर एकदम कॅम्ब्रियन काळातील वालुकाश्म टेकला असून मधल्या एक अब्जाहून अधिक वर्षांचे दप्तर गहाळ आहे, असे प्राध्यापिकाबाईंनी प्रसन्न मुद्रेने सांगितले. आमच्या कचेरीत फेरफारवहीचे एक पान सापडेना तेव्हा तिघांवर कारणे दाखवा नोटिसा निघाल्या होत्या. येथे त्याच अपराधास 'ग्रेट अनकन्फॉर्मिटी' हा किताब बहाल झाला असून परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो.

सहलीस आम्ही हेवर्ड गावी गेलो. १८६८ साली मोठा भूकंप घडविणारा तेथील भ्रंश आजही वर्षाकाठी सुमारे ५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे जिवंतपणी हद्दी हलवितो, तेही मोजणीचा अर्ज वा पंचनामा न करता. रोझ आणि प्रॉस्पेक्ट या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील पदपथाची कड त्यामुळे तुटून सरकत गेली, आणि भूशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून तिची छायाचित्रे काढून ते सरकणे नोंदवीत आले. २०१६ साली नगरपालिकेच्या कामगारांनी, अपंगांच्या खुर्च्यांसाठी उतार करावयाचा म्हणून, ती कड उखडून नवी, सरळ बांधून दिली! बाईंचा कंठ येथे दाटून आला. विद्यार्थीही हळहळले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र मंजूर झालेला अंदाजपत्रकी तक्ता, वेळेत पुरे झालेले काम आणि भूगर्भशास्त्राचा रकानाच नसलेला तो छापील नमुना उभा राहिला, आणि त्या अज्ञात जातभाईस मी मनोमन रामराम घातला.